दोन दाढा, एकीचं हाड गेलं आणि एकीचं राखलं

सात वर्षांपूर्वी माझी डावीकडची खालची पहिली मोठी दाढ काढली तेव्हा मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, दुखेल का. नाही म्हणाले, आणि खरंच नाही दुखलं, वीसएक मिनिटांत दाढ बाहेर, वर कापसाचा बोळा दाबून मी घरी. निघताना ते म्हणाले, "इम्प्लांटचं नंतर कधीही बघू, घाई नाही." इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. त्या "कधीही" वर मी सहा वर्षं काढली. मुलीची शाळा, घर बदलणं, नोकरी, आणि दुखत तर काहीच नव्हतं, उजव्या बाजूने चावायची सवय झाली आणि तिथे दाढ नाही हे मी जवळजवळ विसरून गेले.

मग गेल्या वर्षी उजवीकडच्या दाढेने दगा दिला. खालचीच पहिली दाढ, बारा वर्षांपूर्वी रूट कॅनॉल झालेली, वर कॅप. हिरडीवर एक बारीक फोड यायचा, फुटायचा, दोन आठवडे बरं असायचं की परत यायचा. दुखणं असं काही नव्हतं, फक्त चावताना एका ठराविक कोनात कळ यायची. यावेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्या इम्प्लांटचंच काम करतात, त्यांना मी पुढे मॅडम म्हणते. त्यांनी ती बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये सगळीकडून फिरवून बघितली, सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जात होती आणि बाहेरच्या बाजूला एकाच जागी एकदम नऊ मिलिमीटर खाली गेली. त्या म्हणाल्या, मुळाला उभा तडा गेलाय, रूट कॅनॉल झालेल्या दातांना असं होतं, आणि मूळ उभं चिरलं असेल तर ती दाढ वाचत नाही.

मला वाईट वाटलं पण मी म्हटलं ठीक आहे, काढू, आणि आता दोन्हीकडे इम्प्लांटच करून टाकू. त्यांनी सीबीसीटी काढायला सांगितला, म्हणजे जबड्याचा तीन बाजूंनी दिसणारा स्कॅन. तो स्क्रीनवर उघडून त्यांनी आधी उजवी बाजू दाखवली, दाढ अजून जागेवर, तिथे हाडाची रुंदी साडेनऊ मिलिमीटर. मग डावी बाजू. वरच्या कडेला ३.८ मिलिमीटर. माझंच तोंड, तीच दाढ, फक्त एकीकडे आहे आणि दुसरीकडे सहा वर्षं नाही. डावीकडचं हाड वर निमुळतं होत होत सुरीच्या पात्यासारखं झालं होतं.

दाढेच्या जागी बसवायचा इम्प्लांट साधारण चार ते पाच मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या भोवती, गालाच्या बाजूला आणि जिभेच्या बाजूला, किमान दीड मिलिमीटर तरी हाड उरायला हवं, म्हणजे सात-आठ मिलिमीटर रुंदी असेल तर काम सरळ होतं. माझ्याकडे ३.८. मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत आधीच्या डॉक्टरांबद्दल, पण मी विचारलं की हे हाड गेलं कुठे, तेव्हा त्यांनी पेन घेऊन कागदावर काढून दाखवलं.

हे जे त्यांनी सांगितलं ते मला दात काढायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून नीट लिहिते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाडातला तो ज्या खड्ड्यात बसतो त्या खोबणीची भिंत यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, त्याच तंतूंतून खोबणीच्या आतल्या हाडाला रक्त मिळतं आणि चावण्याचा दाब पण तिथूनच हाडाला कळतो. खोबणीचा सगळ्यात आतला थर तर जन्मालाच दातासाठी आलेला असतो. दात काढला की ते तंतू गेले, त्यांच्यातून येणारं रक्त गेलं, आणि त्या थराला काही कामच उरत नाही, शरीर तो शोषून घेतं. आता गंमत नाही पण घात असा आहे की गालाकडची किंवा ओठाकडची भिंत मुळातच पातळ असते, समोरच्या दातांना तर बऱ्याच जणांची एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, म्हणजे ती भिंत जवळजवळ सगळी त्याच थराची बनलेली. म्हणून हाड बाहेरून आत खचतं. उंची थोडी कमी होते पण रुंदी जास्त जाते, आणि हे सगळं हिरडीच्या खाली, वरून हिरडी छान गुलाबी भरलेली दिसते, आरशात काही कळत नाही.

हे ऐकताना मला माझी आई दिसत होती. आईचे सगळे दात पन्नाशीत निघाले, कवळी आली. पहिली कवळी घट्ट बसली होती, मग तीन-चार वर्षांत सैल, मग नवीन, मग ती पण सैल, मग बोलताना खालची कवळी उचलली जायची म्हणून ती चारचौघांत बोलायचीच कमी झाली. आम्ही सगळे म्हणायचो कवळी करणारा नीट करत नाही. कवळी बिचारी होती तेवढीच होती, खालचं हाड दरवर्षी विरघळत होतं, आणि कवळीचा दाब हाडावर वरून पडतो तो मुळासारखा आतून नाही, त्याने हाड टिकत नाही. तोंडाचं बोळकं झालं असं आपण म्हणतो, ते वयाने होतं असंच मी समजत होते. ते दात गेल्याने होतं, दातामागून हाड गेल्याने होतं.

घरी येऊन मी वाचत बसले. २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बऱ्याच ठिकाणी सापडतो, ४६ लोकांच्या एकेक दाढ किंवा उपदाढ काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या होत्या. बारा महिन्यांत रुंदी सरासरी निम्म्याने कमी झाली, बारा मिलिमीटरची सहाच्या आसपास आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. पहिल्या तीन महिन्यांत! म्हणजे मी ज्या काळात म्हणत होते की आता जखम भरली, सुटलो, तेव्हाच सगळ्यात जास्त हाड जात होतं. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. कोणी फसवलं असं नाही, पण एक वाक्य कोणी बोललं असतं तर मी वेगळं ठरवलं असतं.

पुढच्या भेटीत मी वही घेऊन गेले. मॅडमनी उजव्या दाढेसाठी तीन रस्ते सांगितले. एक, दाढ काढून त्याच दिवशी इम्प्लांट बसवायचा. समोरच्या एकमुळी दाताला, भिंती शाबूत असतील तर हे चांगलं जमतं, पण दाढेची खोबण मोठी, दोन मुळांची, त्यात माझ्याकडे पू आणि बाहेरची भिंत तड्यामुळे खालपर्यंत खाल्लेली, इम्प्लांटला पकड मिळायची शाश्वती नाही. दोन, दाढ काढून तसंच सोडायचं आणि तीन-चार महिन्यांत लगेच इम्प्लांट करायचा. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चारही भिंती जाड आणि शाबूत असतील तर खालच्या दाढेच्या जागी हा रस्ता पण चालतो, प्रत्येकाला ग्राफ्ट, म्हणजे खोबणीत घालायचा हाडाचा भराव, लागतोच असं नाही. तीन, दाढ काढताच खोबण ग्राफ्टने भरून वर पडदा लावायचा, पाच-सहा महिने थांबायचं आणि मग इम्प्लांट. याला त्या सॉकेट प्रिझर्वेशन म्हणाल्या. माझी बाहेरची भिंत नाही म्हणून माझ्यासाठी हा तिसरा.

मी विचारलं, मग हाड अजिबात जाणार नाही ना? तर नाही म्हणाल्या, तसं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. ग्राफ्ट भरला तरी थोडं हाड जातंच, फक्त कमी जातं. काहीच न भरता सोडलेल्या खोबणीपेक्षा सरासरी एक ते दीड मिलिमीटर हाड जास्त राहतं. ऐकायला हे फार थोडं वाटतं. पण ज्या जागेत दीड मिलिमीटरवरून इम्प्लांट बसणार की नाही ते ठरतं तिथे ते थोडं नाही.

ग्राफ्ट कशाचा, हा माझा पुढचा प्रश्न होता आणि तो प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त "बोन पावडर टाकतो" एवढंच सांगतात. चार प्रकार असतात. स्वतःचंच हाड, जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून काढलेलं. दुसऱ्या माणसाचं, दान केलेलं आणि प्रक्रिया केलेलं. प्राण्याचं, बहुतेक वेळा गायीच्या हाडापासून, सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला. आणि कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेट वगैरेचं. वरचा पडदा, मेम्ब्रेन, तो कोलॅजनचा असेल तर तो पण गायीचा किंवा डुकराचा असतो. कोणाला श्रद्धेमुळे किंवा इतर कशामुळे यातलं काही नको असेल तर ते आधी बोलायला हवं, टाके घातल्यावर कळून काय उपयोग. मी दोन दिवस विचार केला, नवऱ्याशी बोलले, आणि प्राण्याच्या हाडाच्या ग्राफ्टला होकार दिला, कारण तो फार हळू विरघळतो म्हणून जागा धरून ठेवतो. एक गोष्ट समजायला मला वेळ लागला, ग्राफ्ट म्हणजे तयार हाड नव्हे. तो आधार असतो, वेलीला मांडव घालतो तसा, त्याच्या दाण्यांच्या फटींतून आपल्या रक्तवाहिन्या आणि आपल्या पेशी शिरतात आणि खरं हाड आपलंच शरीर बनवतं.

मग चौकशी. साखर आहे का, तंबाखू किंवा सिगारेट आहे का, डोक्या-मानेला कधी रेडिएशन दिलंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध किंवा इंजेक्शन चालू आहे का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चमकले कारण आई आठवड्यातून एकदा तशी गोळी घेते. ती औषधं हाडाची झीज थांबवतात पण दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा, उघडं पडून सडण्याचा धोका असतो, गोळ्यांत कमी, कॅन्सरसाठी देतात त्या मोठ्या डोसच्या इंजेक्शनांत बराच जास्त. दातांच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं हाडांच्या गोळीचं, असं वाटतं आपल्याला, पण सांगायचंच. माझी साखर तपासून घेतली, नॉर्मल आली.

दाढ काढायचा दिवस. सकाळी पोटभर खाऊन गेले, तसंच सांगितलं होतं. आधी हाताच्या शिरेतून रक्त घेतलं, चार नळ्या, आणि लगेच बाजूच्या छोट्या मशीनमध्ये गरागरा फिरवायला ठेवल्या, उशीर झाला तर रक्त नळीतच गोठतं म्हणून मॅडमच्या हाताखालची मुलगी अक्षरशः पळाली. दहा-बारा मिनिटांनी नळीत खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये एक पिवळी जेलीसारखी गाठ. हे पीआरएफ, आपल्याच रक्तातलं फायब्रिन, त्यात प्लेटलेट आणि जखम भरायला लागणारे घटक अडकलेले असतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमाराला ही पद्धत आली. मॅडम म्हणाल्या याने हिरडी लवकर भरते आणि दुखणं कमी राहतं, हाड वाढवायच्या बाबतीत मात्र फक्त याच्यावर विसंबून राहायचं नाही.

भुलेचं इंजेक्शन जबड्याच्या मागे, पाच मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड. मला वाटलं आता पक्कड लावून हलवून हलवून ओढणार, पहिल्या वेळी तसंच झालं होतं, डोकं पण हललं होतं माझं. इथे तसं काहीच नाही. आधी कॅप काढली, मग ड्रिलने दाढेचे उभे दोन तुकडे केले, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकेक मूळ. मग पात्यासारखं एक पातळ हत्यार मूळ आणि हाड यांच्या फटीत घालून थोडं थोडं दाबत गोल फिरवत राहिल्या, ते तंतू कापत. बाहेरच्या भिंतीवर जोर द्यायचा नाही, हिरडी शक्य तितकी कापायची नाही, कारण हिरडी हाडावरून सोडवली की तिकडून येणारं रक्त पण तुटतं. यालाच पस्तीस-चाळीस मिनिटं गेली. मी आत्तापर्यंत चांगला डॉक्टर म्हणजे पटकन दात काढणारा असं समजत होते. हाड वाचवायचं काम खरं म्हणजे ग्राफ्टपासून नाही, या हळू काढण्यापासून सुरू होतं हे त्या खुर्चीत पडल्या पडल्या कळलं.

चिरलेलं मूळ त्यांनी मला दाखवलं, केसाएवढी काळी रेघ, वरपासून खालपर्यंत. एवढ्याशा रेघेतून जंतू शिरून शेजारचं हाड खाल्लं होतं.

मग साफसफाई. चमच्यासारख्या हत्याराने खोबणीतलं सगळं खराब मांस खरवडून काढलं, दुखत नाही पण तो आवाज हाडातून थेट कानात येतो, तेवढा एक भाग मला जड गेला. सलाइनने धुतलं, परत खरवडलं. खोबणीत ताजं रक्त भरलं तेव्हा त्या म्हणाल्या, छान, हेच हवंय, कोरडी खोबण ग्राफ्ट घेत नाही. बाहेरची भिंत वरून जवळजवळ निम्मी नव्हतीच. तिथे हिरडी आणि हाड यांच्यामध्ये कोलॅजनचा पडदा सरकवला, म्हणजे नसलेल्या भिंतीच्या जागी तात्पुरती भिंत. ग्राफ्ट म्हणजे जाड वाळूसारखे पांढरट दाणे, ते पीआरएफचे बारीक तुकडे आणि त्यातलं पाणी यांच्यात कालवून चिकट गोळा केला आणि थोडा थोडा भरला. ठासून नाही. दाण्यांमध्ये रक्तवाहिन्यांना जागा हवी. वर पडदा दुमडला, त्यावर पीआरएफची चपटी केलेली चकती, आणि फुलीसारखे टाके. हिरडीची दोन्ही टोकं ओढून जुळवली नाहीत, खोबणीचं तोंड तसंच पडद्याने झाकलेलं ठेवलं, ओढून शिवलं तर गालाकडची घट्ट हिरडी जागेवरून सरकते आणि पुढे इम्प्लांटभोवती तीच लागते. मी घरी आरशात बघितलं तेव्हा मधोमध पिवळट काहीतरी दिसत होतं आणि मी घाबरून फोन केला, म्हणून सांगते, ते तसंच दिसतं.

पहिला दिवस: चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ लावायचा नाही, जिभेने चाचपायचं नाही. तोंडात लाळ साठली की गिळायची किंवा मान वाकवून आपोआप पडू द्यायची. बाहेरून बर्फ, वीस मिनिटं ठेवायचा वीस मिनिटं काढायचा. रात्री दोन उशा. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतू मारणारं चूळ भरायचं औषध, तेही खळखळवायचं नाही, तोंडात घेऊन डोकं हळू कलंडवायचं. त्याने दोन आठवड्यांत दातांवर तपकिरी डाग आले, जिभेची चव गेली, दोन्ही नंतर ठीक झालं, डाग क्लिनिंगमध्ये निघाले.

माझी एक वेगळीच पंचाईत झाली जिचा मी विचारच केला नव्हता. सगळे सांगतात दुसऱ्या बाजूने खा. माझ्या दुसऱ्या बाजूला दाढच नव्हती. सहा वर्षांत डावीकडची मागची दाढ त्या मोकळ्या जागेत पुढे कलली होती आणि वरची दाढ थोडी खाली उतरली होती, तिथे काही नीट चावलंच जात नव्हतं. पहिला आठवडा मी सगळं पातळ आणि मऊ आणि कोमट करूनच घेतलं, दुसऱ्या आठवड्यात पुढच्या दातांनी उंदरासारखं कुरतडत. त्या पंधरा दिवसांत एका दाढेची किंमत मला जितकी कळली तितकी सहा वर्षांत कळली नव्हती.

सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, गाल टणक, तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं. त्याच दिवशी ठणका पण होता आणि मी ड्राय सॉकेटबद्दल वाचून बसले होते, की रक्ताची गुठळी निसटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा जातात, तोंडाला घाण वास येतो. माझा ठणका गोळीने थांबत होता आणि वास नव्हता. मॅडम फोनवर म्हणाल्या, रोज कालच्यापेक्षा कमी आहे का ते बघा, कमी होत असेल तर घाबरू नका, पाचव्या दिवशी वाढलं तर लगेच या. पाचव्या दिवशी कमी होतं. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला.

आणि ते दाणे! चौथ्या दिवसापासून जिभेवर अधूनमधून एखादा कण यायचा, वाळू चावल्यासारखा. पहिला कण आला तेव्हा मी तो बोटावर घेऊन खिडकीशी उजेडात बघत रडवेली झाले की सगळा ग्राफ्ट बाहेर येतोय. वरचे काही दाणे निघतातच, ते मोजून थोडे जास्तच भरलेले असतात. मूठभर एकदम आले, पू आला किंवा खड्डा उघडा दिसायला लागला तर मात्र थांबायचं नाही.

बाराव्या दिवशी टाके काढले. पाचव्या आठवड्यात हिरडी पूर्ण बंद. त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, काही होत नाही, काही दुखत नाही, आणि तोच काळ धोक्याचा असतो कारण माणूस विसरतो. मी यावेळी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली होती. ग्राफ्टने हाड धरून ठेवलं म्हणून ते कायम राहत नाही, आत मूळ किंवा इम्प्लांट नसेल तर हळूहळू झीज सुरूच राहते, त्यामुळे "आता ग्राफ्ट आहे, दोन वर्षांनी बघू" असं करून चालत नाही. वरच्या दाढांच्या बाबतीत तर अजून एक, वर सायनसची पोकळी असते, दाढ गेली की ती खाली उतरत येते आणि उंचीच उरत नाही, माझ्या ताईचं तसं झालंय.

साडेपाच महिन्यांनी परत स्कॅन. मॅडम मोजत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आठ मिलिमीटर. साडेनऊचे आठ. दीड गेलं. आणि जिथे बाहेरची भिंत निम्मी नव्हती तिथे पांढरी सलग रेघ दिसत होती. खाली जबड्याच्या आतून जी नस जाते, जिच्यामुळे ओठाला संवेदना असते, तिच्यापर्यंत तेरा मिलिमीटर उंची. दहा मिलिमीटर लांब आणि ४.८ जाड इम्प्लांट ठरला, म्हणजे दोन्हीकडे दीड-दीडपेक्षा थोडं जास्त हाड आणि नसेपासून दोनपेक्षा जास्त अंतर. कागदावर आकडे मांडून त्यांनी वजाबाकी माझ्याकडूनच करून घेतली.

इम्प्लांटचा दिवस दाढ काढण्याच्या मानाने खरंच हलका होता. हळू फिरणारं ड्रिल, वरून थंड पाणी, कारण हाड तापलं तर ते मरतं. मग स्क्रू आत. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना असे धरतात हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५२ मध्ये, सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं परत काढायला गेले तर निघेनात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या माणसाला चाळीस वर्षं पुरले. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं, खुर्चीत तेच आठवत पडले होते. स्क्रू ३५ न्यूटन सेंटिमीटरला, म्हणजे पिळायच्या जोराच्या मापाने, घट्ट बसला. मॅडम म्हणाल्या हाड चांगलं लागतंय, ग्राफ्टचे दाणे अजून दिसतात, ते काही वर्षं राहतील, हरकत नाही. वर छोटी टोपी, दोन टाके, दोन दिवस गोळ्या.

तीन महिन्यांनी इम्प्लांट हाडात किती पक्का बसलाय ते मोजलं, १०० पैकी ७२, आणि मग माप घेऊन कॅप बसवली, स्क्रूने, पुढे कधी काढावी लागली तर काढता यावी म्हणून. आता बारीक ब्रशने तिच्या भोवती रोज साफ करते, इम्प्लांटला कीड लागत नाही पण त्याच्या भोवतीची हिरडी सुजली तर हाड जाऊ शकतं आणि ते मला आता होऊ द्यायचं नाही.

राहिली डावी बाजू. तिथे ३.८ मध्ये काही बसत नाही, आधी हाड रुंद करावं लागणार. हिरडी पूर्ण उघडायची, मागच्या अक्कलदाढेच्या जागेजवळून माझंच हाड खरवडून घ्यायचं, त्यात ग्राफ्ट मिसळून बाहेरच्या बाजूला थर द्यायचा, पडदा बारीक पिनांनी ठोकून बसवायचा, हिरडी सैल करून ताण न येता पूर्ण शिवायची, आणि सात ते नऊ महिने थांबायचं. त्याआधी कललेली दाढ सरळ करायला दातांना तारा. जे उजवीकडे दाढ काढल्या काढल्या त्याच खोबणीत, त्याच टाक्यांत झालं, ते डावीकडे स्वतंत्र मोठं ऑपरेशन आहे, सूज जास्त, खर्च जास्त, खात्री कमी. तारा लावून चार महिने झालेत, दाढ बरीच सरळ झाली आहे.

मधे ताईचा फोन आला, तिची अजून एक दाढ काढायची म्हणतायत, उद्याच. मी तिला म्हटलं, ताई, उद्या जा पण काढायच्या आधी एवढं विचार, बाहेरची भिंत आहे का, ती किती जाड आहे, आणि काढल्यावर त्या जागेचं काय करणार. ती म्हणाली डॉक्टर चिडतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने परत फोन केला. चिडले नव्हते. स्कॅन काढायला सांगितलाय, दाढ पुढच्या आठवड्यात.